डडली जॉर्ज: एका अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

8 मार्च 2025, शनिवार

अण्णांकडे बैठक. सप्टेंबरच्या अभिवाचनाचा विषय पक्का झाला: डडली जॉर्ज. कागदोपत्री अँथनी ओब्रायन जॉर्ज, पण सगळ्यांचा डडली. अनिशिनाबे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी; केटल अँड स्टोनी पॉइंट फर्स्ट नेशन या समाजाचा. 6 सप्टेंबर 1995 च्या रात्री, ह्युरॉन सरोवराच्या काठी, इपरवॉश प्रांतिक उद्यानाच्या तोंडाशी ऑन्टॅरिओ प्रांतिक पोलिसांच्या गोळीने गेला. वय 38. हातात बंदूक नव्हती.

काकूंचा पहिला प्रश्न: आपला याच्याशी संबंध काय? रास्त प्रश्न. आम्ही लंडनमध्ये राहतो (ऑन्टॅरिओतल्या; पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर हे दर वेळी सांगावं लागतं) आणि ती जागा गाडीने तासाभरावर. मंडळाची सहल पाइनरी उद्यानात जाते, कणसं भाजली जातात, व्हॉलीबॉल होतो. तिथून इपरवॉश जवळच. इथे घर घेतलेल्या, मुलं वाढवलेल्या माणसाला हे नाव माहीत असावं, एवढाच संबंध. काकूंना पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी पर्समधून वही काढली.

ठरलेले नियम: पाच वाचक, पाच स्टँड, अंधार नाही, पार्श्वसंगीत नाही. संवाद रचायचे नाहीत. जे नोंदलं गेलंय तेच वाचायचं, आणि मधले धागे सूत्रधार जोडणार. सूत्रधार अण्णा. यावर चर्चा झाली नाही, कधीच होत नाही.

17 मार्च, सोमवार

आज त्याचा वाढदिवस. जन्म 1957 चा, म्हणजे अडुसष्ट झाला असता.

साहित्य गोळा करायला बसले आणि हबकले. मुख्य आधार इपरवॉश चौकशी आयोगाचा. आयुक्त न्यायमूर्ती सिडनी लिंडेन. जुलै 2004 ते ऑगस्ट 2006 सुनावण्या, 229 दिवस, 139 साक्षीदार. अहवाल 31 मे 2007 ला आला, चार खंड, शंभर शिफारशी. साक्षींचं शब्दशः टिपण सगळ्यांना वाचायला खुलं आहे. इतकं साहित्य कुठल्याच अभिवाचनाला मिळालं नव्हतं आणि इतकं नकोही होतं.

संध्याकाळभर चाळल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. पोलिस बोलतात, मंत्री बोलतात, सचिव बोलतात, भाऊ-बहिणी बोलतात, इतिहासकार बोलतात. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं तो सोडून सगळे. तो पानापानावर आहे, पण कर्म म्हणून: त्याला गोळी लागली, त्याला उचललं, त्याला नेलं. कर्ता म्हणून फार थोड्या जागी.

अण्णांना फोन केला. त्यांचं म्हणणं, डडलीसाठी एक तरुण वाचक घेऊ, आवाज चांगला असलेला. मी नाही म्हटलं. त्याचं जे बोलणं नोंदलेलंच नाही ते वाचणार कोण आणि कुठून? फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. पण मग तो दिसला पाहिजे. नाही तर आपण फाइल वाचतोय असं वाटेल." हे त्यांनी नेमकं सांगितलं. पुढचं सगळं काम याच एका वाक्याचं आहे असं आत्ता तरी वाटतंय.

14 एप्रिल, सोमवार

संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीला जायचं होतं, त्याआधी दुपारी जमिनीचा भाग लिहून काढला. योगायोग असा की त्या जमिनीची गोष्टही 14 एप्रिललाच सुरू होते. 1942 चा 14 एप्रिल. आपल्याला 1942 म्हटलं की गवालिया टँक आठवतो. त्याच्या चार महिने आधी ओटावात एक हुकूम निघाला आणि स्टोनी पॉइंटची राखीव जमीन लष्कराकडे गेली.

आधीचं थोडक्यात घ्यायचं. 1827 च्या कराराने या भागातली वीस लाखांहून जास्त एकर जमीन ब्रिटिशांकडे गेली आणि अनिशिनाबेंकडे चार लहान तुकडे उरले. केटल पॉइंट आणि स्टोनी पॉइंट हे त्यातले दोन. त्यांच्या भाषेत स्टोनी पॉइंटला आझूदेना म्हणतात. 1928 मध्ये स्टोनी पॉइंटचा सरोवराकाठचा पट्टा विकला गेला आणि 1936 मध्ये त्यातलीच शंभरेक एकर जागा प्रांताने 10,000 डॉलरला घेऊन तिथे उद्यान केलं. एवढं सूत्रधार एका श्वासात सांगेल.

1942 वर मात्र थांबायचं. लष्कराला सराव छावणी हवी होती. लोकांनी मतदान करून नकार दिला, 59 विरुद्ध 13. मग युद्धकालीन अधिकारांचा कायदा वापरून 2,240 एकर घेतले. दर एकरी 15 डॉलर. घरं हलवण्याच्या खर्चासकट सगळे मिळून 50,000. काही घरं अक्षरशः ओढत केटल पॉइंटला नेली. वचन असं की युद्धानंतर लष्कराला गरज उरली नाही की जमीन परत देण्याचं बोलू.

त्या वस्तीतली काही मुलं त्याच वेळी कॅनडाच्या गणवेशात युरोपात लढत होती. क्लिफर्ड जॉर्ज त्यांपैकी एक. युद्धकैदी होऊन सुटून आले तेव्हा घर जागेवर नव्हतं. पुढे ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. हा उतारा काकू वाचतील. त्यांनी स्वतःहून मागून घेतला. काकूंचं आजोळ कोयनेच्या शिवसागरात गेलं हे मला आज कळलं, इतक्या वर्षांच्या ओळखीत. त्यावर त्या जास्त बोलल्या नाहीत आणि ते अभिवाचनात आणायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. दोन्ही गोष्टी एकमेकींजवळ ठेवल्या की ऐकणारा आपल्याच गोष्टीकडे पळतो, असं त्यांचं म्हणणं.

युद्ध 1945 मध्ये संपलं. छावणी राहिली. उन्हाळ्यात कॅडेट मुलांचं शिबिर तिथे भरायचं. 1980 मध्ये सुमारे 24 लाख डॉलर देऊन तात्पुरता तोडगा निघाला, पण जमीन तारेच्या आतच. डडलीच्या आईवडिलांची जी पिढी तिथून उठवली गेली तिची मुलं म्हातारी व्हायला लागली तरी.

सूत्रधारासाठी ओळ सुचली: "युद्ध संपलं की बघू, असं ठरलं होतं. कुठलं युद्ध, ते लिहायचं राहून गेलं असावं." अण्णा फोनवर खो खो हसले. ठेवायची का, ते नंतर बघू.

10 मे, शनिवार

जागा बघून आलो. आर्मी कॅम्प रोड सरोवराच्या दिशेने जातो आणि ईस्ट पार्कवे ड्राइव्हला मिळतो, तो कोपरा. बाकी काहीच नाट्यमय नाही. दोन साधे रस्ते, वाळू, झाडं, पलीकडे पाणी. एकीकडे सुटीतली बंगलेवजा घरं. 1995 मध्ये या कोपऱ्यावर रात्री अकराच्या सुमारास ढाली, हेल्मेट, काठ्या घेतलेल्या पोलिसांची रांग अंधारातून चालत आली, मागे बंदूकधारी पथक, आणि उद्यानात होती निदर्शक माणसं, त्यांत बायका आणि पोरंही. जागा इतकी लहान आहे की हे सगळं इथे मावलं कसं याचंच आश्चर्य वाटतं.

येताना केटल पॉइंटला गेलो. तिथे सरोवराच्या उथळ पाण्यात मोठमोठे गोल दगड आहेत, शेल नावाच्या खडकाच्या थरांत कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार झालेले. झिजलेल्या थरातून अर्धे वर आलेले असतात, चुलीवर उलटी ठेवलेली पातेली जणू. याच आकारावरून जागेला नाव पडलं. अण्णांना हे दगड अभिवाचनात हवेत. मला नकोत. फार सुंदर आहेत, माणूस त्यांच्या मागे लपेल.

छावणीच्या जमिनीत अजून न फुटलेला दारूगोळा सापडतो. अर्धशतक सराव झाला, त्यातलं काही जमिनीत रुतून बसलं. तो काढण्याचं काम वर्षानुवर्षं चाललेलं आहे. जमीन परत देण्याचा आणि 9.5 कोटी डॉलरचा अंतिम करार 14 एप्रिल 2016 ला झाला (पुन्हा तीच तारीख!), पण जमीन साफ झाल्याशिवाय घर कुठे बांधणार.

7 जून, शनिवार

आज 1993 ते 1995 चा भाग. 6 मे 1993 ला स्टोनी पॉइंटच्या काही कुटुंबांनी छावणीच्या नेमबाजी मैदानावर तंबू ठोकले. लष्कर आत, हेही आत. दोन वर्षं असेच शेजार. डडली त्या काळात तिथे राहायला गेला, ट्रेलरमध्ये. 29 जुलै 1995 ला लष्कर इमारती सोडून निघून गेलं. मग 4 सप्टेंबरला, लेबर डेच्या संध्याकाळी, उद्यानाचा हंगाम संपून पर्यटक परतल्यावर, ही माणसं शेजारच्या प्रांतिक उद्यानात शिरली. कारण सरळ होतं: तिथे त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे.

प्रांत सरकारचं म्हणणं, असा काही पुरावा नाही.

आता ते पत्र. 1937 मध्ये, म्हणजे उद्यान होऊन वर्ष झालेलं असताना, समाजाच्या कौन्सिलच्या विनंतीवरून केंद्राच्या खात्याने प्रांताला लिहिलं होतं की उद्यानात जुनी दफनभूमी आहे, ती राखावी, कुंपण घालावं. हे पत्र सरकारी फायलींमध्ये अठ्ठावन्न वर्षं सुखाने पडून होतं. बाहेर आलं कधी? सप्टेंबर 1995 च्या मध्यात, केंद्रीय मंत्री रॉन अर्विन यांनी दाखवलं तेव्हा. डडलीला जाऊन आठवडाच झाला होता.

या जागी सूत्रधाराने काहीही भाष्य करायचं नाही. तारखा वाचायच्या आणि पुढे जायचं. अण्णांना इथे "एक पॉज" हवा आहे. पॉज द्यावा, पण चेहऱ्याने बोलू नये. अण्णांच्या भुवया हा आमच्या गटाचा जुना प्रश्न आहे.

21 जून, शनिवार

सगळ्यात अवघड उतारा: दवाखान्यापर्यंतचा रस्ता.

गोळी लागल्यावर त्याचा भाऊ पिएर, बहीण कॅरोलिन आणि सोबत एक चौदा वर्षांचा मुलगा यांनी त्याला गाडीत घातलं. रुग्णवाहिका त्यांच्यापर्यंत आली नाही. गाडीचं एक चाक बसलं. वाटेत एका शेतघरी थांबून मदतीसाठी फोन करायला सांगितला. कुणी आलं नाही, तेव्हा तशाच बसलेल्या चाकावर गाडी पुढे काढली. स्ट्रॅथरॉयचं रुग्णालय. तासाभराहून जास्त वेळ गेला. रुग्णालयाच्या दारात पोलिस उभे होते. त्यांनी भावा-बहिणीला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटक केली. डडलीला मृत घोषित केलं रात्री 12:20 ला, म्हणजे तारीख 7 सप्टेंबर झाली होती. ज्यांनी त्याला आणलं ते तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होते. पुढे त्यांच्यावर कुठलाही खटला उभा राहिला नाही.

हे कसं वाचायचं? पहिल्या मसुद्यात मी दोन वाचकांना आळीपाळीने वाक्यं दिली होती, एक गाडीतलं सांगतो, दुसरा त्याच वेळी पोलिसांच्या नियंत्रण कक्षातलं. कागदावर जोरदार वाटलं, ऐकताना सिनेमा झाला. मागे घेतलं. आता एकच आवाज, आणि तोही आमच्यातल्या सगळ्यात सपाट वाचणाऱ्याचा. तो आयटीवाला आहे, त्याला गटात सगळे म्हणतात तुला भाव येत नाहीत. या उताऱ्याला तसाच हवा.

त्याने वाचून बघितलं. "चाक बसलं" या शब्दांवर तो थोडा अडखळला, मुद्दाम नाही. अण्णा म्हणाले, हे ठेव. मी म्हटलं, आलं तर येऊ दे.

12 जुलै, शनिवार

पोलिसांच्या त्या वेळच्या आराखड्याचं नाव होतं प्रोजेक्ट मेपल. उद्देश लिहिलेला: वेढा ठेवणं आणि वाटाघाटींनी शांततेत तोडगा काढणं. हा कागद जसा आहे तसा वाचायचा. यावर सूत्रधाराला ओळ दिली तर ती कागदापेक्षा फिकी पडेल.

खटला आणि आयोग हा भाग झपाट्याने. गोळी झाडणारा पोलिस अधिकारी केनेथ डीन याला 28 एप्रिल 1997 ला न्यायाधीश ह्यू फ्रेझर यांनी दोषी ठरवलं. डीनचं म्हणणं होतं की डडलीच्या हातात रायफल दिसली. न्यायाधीशांनी ते स्वीकारलं नाही. डडली नि:शस्त्र होता आणि रायफलची गोष्ट मागाहून रचलेली आहे असा निष्कर्ष काढला. शिक्षा तुरुंगाबाहेरच भोगायची, सोबत 180 तास समाजसेवा. इथे आमच्या खोलीत कुणीतरी "काय?" असं मोठ्याने म्हणालं. प्रेक्षकांतूनही येईल. त्याला जागा ठेवायला हवी.

मुख्यमंत्री माइक हॅरिस यांच्या बैठकीचा भाग. 6 सप्टेंबरच्या दुपारी त्यांनी शिवी घालून या लोकांना उद्यानातून बाहेर काढा असं म्हटलं, अशी साक्ष त्यांच्याच माजी महाधिवक्त्यांनी दिली. हॅरिस यांनी नाकारलं. लिंडेन यांनी साक्ष खरी मानली. मात्र हॅरिस यांनी पोलिसांना थेट आदेश दिला असं त्यांना आढळलं नाही. घाई आणि अधीरपणा यांमुळे शांततेच्या वाटा अरुंद झाल्या, असं त्यांनी लिहिलं. दोन्ही वाक्यं वाचायची. एकच वाचली तर टाळ्या पडतील, आणि टाळ्या इथे नको आहेत. शिवी उच्चारायची नाही, "शिवी" एवढंच म्हणायचं. आपल्याकडे रंगमंचावर शिवी आली की मागच्या रांगेत हसू फुटतं.

आयोग नेमला कसा, ते सॅम जॉर्जमुळे. डडलीचा थोरला भाऊ. आठ वर्षं मागणी करत राहिला. सरकारविरुद्धचा दिवाणी दावाही त्याने चौकशीसाठीच पणाला लावला: चौकशी नेमा, दावा मागे घेतो. 2003 मध्ये सरकार बदललं आणि नोव्हेंबरमध्ये आयोग जाहीर झाला. अशी अदलाबदल किती जण करतील?

9 ऑगस्ट, शनिवार

सगळं पुन्हा उघडावं लागलं.

माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, मूळची केटल पॉइंटची. तिच्या मावशीच्या पिढीने डडलीला पाहिलेलं. महिनाभर धीर गोळा करून मी तिला स्क्रिप्टचा इंग्रजी गोषवारा वाचायला दिला, आणि परवानगी नव्हे तर मत विचारलं. परवानगी एकट्या माणसाने द्यायची गोष्ट नाही, ती नीट मार्गाने मागायला हवी, त्याचं पत्र वेगळं गेलं आहे. तिने दोन दिवसांनी कागद परत केले. चूक एकही काढली नाही. फक्त विचारलं की यात हसायचं कुठे आहे?

मला कळेना. तिने सांगितलं की घरात डडलीचं नाव निघालं की आधी त्याच्या खोड्यांची आठवण निघते. तो चेष्टेखोर होता. लोकांना हसवत राहणं हा त्याचा धंदा होता म्हण ना. आयोगापुढेही त्याच्या माणसांनी हेच सांगितलं आहे, ते मी मार्चमध्येच वाचलं होतं आणि "स्वभाव: विनोदी" असं टिपून खाली ठेवून दिलं होतं. जातककथन करावं तसं.

चाळीस मिनिटांच्या मजकुरात एकही हसू नाही. ज्याच्याभोवती माणसं हसत असत त्याच्या आठवणीत आम्ही लोकांना चाळीस मिनिटं मान खाली घालून बसवणार होतो.

विनोद रचायचे नाहीत, नियम आहे. त्याच्या खोड्यांचे किस्से इतरांच्या घरातले आहेत, ते तिने सांगितले तरी मी वापरणार नाही. मग राहिलं काय? मांडणी. सुरुवात 6 सप्टेंबरपासून होत होती, ती काढली. आता सुरुवात 1993 च्या उन्हाळ्यात: एक माणूस ट्रेलर घेऊन बापजाद्यांच्या जमिनीवर राहायला जातो, समोर लष्कर, आणि हा बेटा चेष्टामस्करी करणारा. ऐकणाऱ्याने पहिली काही मिनिटं त्याला आवडून घ्यावं. मरणाची तारीख आधी सांगायचीच नाही.

आणि सूत्रधाराच्या तिरकस ओळी परत आणल्या. "कुठलं युद्ध" ही पहिली. अण्णांना गांभीर्याचा सोस आहे, त्यांनी जुलैमध्ये त्या सगळ्या खोडल्या होत्या. आज काकूंनी त्यांना ऐकवलं: "अहो, माहेरच्या दहाव्याला आम्ही बहिणी जितक्या हसलो तितक्या लग्नातही हसलो नव्हतो. तुम्ही पुरुष मंडळी बाहेर ओसरीवर बसलेली असता, तुम्हाला काय माहीत." अण्णांनी चष्मा पुसला आणि पेन्सिल घेतली.

10 ऑगस्ट, रविवार

रात्रभर डोक्यात एकच. "आवडून घ्यावं" हे लिहायला सोपं आहे. किस्से न सांगता माणूस आवडता कसा करायचा? सध्याचा उपाय: पहिल्या आठ मिनिटांत प्रत्येक वाचक त्याचं नाव नुसतं "डडली" असं घेणार, आडनावाशिवाय. गोळीनंतर वाचक कागदपत्रांतल्यासारखं "जॉर्ज" किंवा "मृत" म्हणू लागतात, कारण कागद तसंच म्हणतात. हे वेगळं समजावून सांगायचं नाही.

16 ऑगस्ट, शनिवार

तारखेचा घोळ. मला 6 सप्टेंबर हवी होती, शनिवार आहे, तीस वर्षं त्याच दिवशी पूर्ण होतात. पण यंदा अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरलाच. सगळा गाव विसर्जनाला, ढोलपथकात आमचेच दोन वाचक. त्या दिवशी कुणी फिरकणार नाही आणि फिरकावं अशी अपेक्षाही करवत नाही.

पुढचा रविवार 14 सप्टेंबर. खोली मिळते आहे, सार्वजनिक वाचनालयाची. तर कार्यकारिणीतून हरकत: पितृपंधरवडा आहे, कार्यक्रम कसला करता? यावर अर्धा तास गेला. एक म्हणे अशुभ, एक म्हणे हे कुठल्या शतकात राहतात. शेवटी काकूंनीच मिटवलं: गेलेल्याची आठवण काढायची तर पितृपंधरवड्याइतका योग्य काळ कुठला? नारळ फोडायचा नाही, उद्घाटन नाही, हार-तुरे नाहीत. म्हणजे तसंही आम्हाला हवं होतं तेच.

निमंत्रणावर त्याचा फोटो छापायचा नाही असं ठरलं, नातेवाइकांना विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा वापरू नये. फक्त नाव आणि वेळ.

30 ऑगस्ट, शनिवार

तालीम. चाळीसचं अडतीस मिनिटांवर आलं. केटल पॉइंटचे दगड अखेर आले, पण एका ओळीत. अण्णांना तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

शेवट कुठे करायचा यावर एकमत होईना. शंभर शिफारशींवर? नाही. आयोगाने केंद्र, प्रांत आणि पोलिस तिघांनाही जबाबदार धरलं, त्यावर? तोही निकाल लागल्यासारखा वाटतो. ठरलं असं: उद्यान परत देण्याच्या करारावर 28 मे 2009 ला सह्या झाल्या, आणि सॅम जॉर्ज 3 जूनला कर्करोगाने गेला. या दोन तारखा, बस्स. मग सूत्रधार फाइल मिटतो आणि सगळे जागेवर बसतात.

14 सप्टेंबर, रविवार

झालं. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या, मागे काही उभेही होते. माझी सहकारी आली, मावशीला घेऊन. दोघींना मराठी येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी गोषवारा छापून ठेवला होता. मावशींनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पूर्ण वेळ वाचणाऱ्यांचे चेहरे बघत बसल्या.

"कुठलं युद्ध" वर हसू आलं. 1937 च्या पत्राच्या तारखेवर एक कोरडं हसू आलं, ते आम्ही धरलं नव्हतं. अण्णांच्या भुवया वर गेल्या असाव्यात. लोक हसले म्हणून मावशीही हसल्या, शेजारणीला कोपराने विचारलं काय झालं ते. समाजसेवेच्या तासांवर "काय?" आलंच, तिसऱ्या रांगेतून.

दवाखान्याच्या रस्त्याला आमचा आयटीवाला अडखळला नाही. सपाट वाचत गेला, पाणी न पिता.

नंतर चहा, बिस्किटं. मावशींनी अण्णांना बरंच काही सांगितलं डडलीबद्दल, अण्णा मान डोलावत होते. काय सांगितलं ते अण्णा सांगत नाहीत. "ते स्क्रिप्टसाठी नव्हतं," एवढंच.

21 सप्टेंबर, रविवार

राहिलेली कामं. ध्वनिमुद्रण तयार आहे, पण समाजाच्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्राचं उत्तर येईपर्यंत कुठेही टाकायचं नाही. गटातल्या तिघांनी ते मित्रांना पाठवलं तर चालेल का विचारलं. नाही.

वॉटर्लूच्या एका गटाला स्क्रिप्ट हवी आहे. पाठवण्याआधी दोन दुरुस्त्या: 1928 आणि 1936 ची वाक्यं फार जवळ आहेत, ऐकताना विक्री कुणी कुणाला केली ते कळत नाही, आणि क्लिफर्ड जॉर्ज यांच्या उताऱ्याआधी काकूंनी स्वतः घेतलेला थांबा कागदावर लिहून ठेवायचा, पुढचा वाचक तो घाईत खाऊन टाकेल. पुढच्या प्रयोगाला सूत्रधार बाई असावी अशी सूचना काकूंनी केली आहे. अण्णांनी निरोप वाचलाय, उत्तर आलेलं नाही.